राखीव ठेवलेला लॅपटॉप

"तुम्ही काही बोलूच नका, साहेब. तो विकला गेला म्हणून मीच सांगतो तिले. तुमच्यावर नाव येणार नाही."

मी जिन्यात होते, वरून तिसऱ्या पायरीवर. दुकान पहिल्या मजल्यावर होतं. दाराला झेंडूचं तोरण बांधायचं चाललं होतं, म्हणून काचेचा दरवाजा उघडाच ठेवलेला. आवाज दुकानदाराचा होता. साहेब म्हणजे माझे बाबा. आणि तिले म्हणजे मला.

"पण ती विचारंल बरं," बाबा म्हणाले. "तिची नजर लय बारीक आहे."

"विचारू द्या ना. विकला म्हटल्यावर माणूस काय करते?"

त्यावर बाबा हसले. मोठ्यानं नाही. ऑफिसात एखादं किचकट प्रकरण भांडण न होता निकाली निघालं की हसतात, तसं.

मी त्यांच्या दोन मिनिटं मागे राहिले होते, कारण खाली असताना मला फोन आला होता. ग्रंथालयांसाठी मोफत सॉफ्टवेअर बनवणारा एक छोटा गट आहे. त्याच्या मदतीची पानं मराठीत आणि इंग्रजीत लिहायचं काम मला तीन महिने घरून करून बघायचं होतं. जमलं तर कायमचं. फोनवर ज्या बाई होत्या त्या म्हणाल्या, "सोमवारी सकाळी दहाला सुरुवात करू. तुमच्या मशीनवर लिनक्स आहे ना? आमचं सगळं त्यावरच चालतं." मी म्हणाले, "आजच घेतेय. तपासून ठेवलाय." माझं पहिलं काम. ते बाबांना सांगायला मी एकेक पायरी सोडून जिना चढत होते.

आम्ही अमडापूरला राहतो. त्या दिवशी दसरा होता आणि आम्ही सकाळच्या एसटीनं खामगावला आलो होतो. जो लॅपटॉप विकला गेला असं मला सांगायचं ठरत होतं, तो मी दहा दिवसांपूर्वी याच दुकानात निवडला होता. बाबांच्या समोर. बाबांच्या शेजारी बसून.

लिनक्सशी माझी ओळख कॉलेजच्या लॅबमध्ये झाली. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता, ज्याच्यावर विंडोज रांगत चालायचं म्हणून सरांनी त्याच्या जागी लिनक्स ही मोफत सिस्टीम बसवली होती. त्याच्याकडे कुणी जात नसे. मला तेच बरं वाटायचं. मी चिखलीच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथं वर्गात मराठी बोललं की दंड होता, आणि घरी इंग्रजी शब्द तोंडून निघाला की मोठे काका म्हणायचे, "बोला मॅडम, बोला!" त्यामुळे मला दोन्हीकडे गप्प राहायची सवय लागली. त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला माझ्या गप्प राहण्याचं काही नव्हतं. चूक केली की तो काय चुकलं ते सरळ लिहून दाखवायचा, आणि हसायचा नाही.

काम मिळायची शक्यता दिसू लागल्यावर बाबांनी एक आकडा सांगितला आणि म्हणाले, "याच्यात बसव. बाकी तुझं तू निवड. मले त्यातलं कळत नाही आणि ज्याले कळत नाही त्यानं मधी बोलू नये." बाबा पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहेत. तीनदा वाचल्याशिवाय कागदावर सही करत नाहीत. त्यांनी "तू निवड" म्हणणं ही माझ्यासाठी सहीच होती.

मी दीड महिना वाचत होते. त्या आकड्यात नवा लॅपटॉप येत होता, पण तो खोक्यापुरताच नवा. रॅम चार जीबी, तीही बोर्डावर पक्की बसवलेली, म्हणजे पुढे वाढवता येणार नाही. साठवण मोबाइलएवढी. त्याच पैशात कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून एकगठ्ठा विकलेले लॅपटॉप मिळत होते. जाड, काळे, दिसायला अगदीच सरकारी. पण कीबोर्ड मजबूत, खालचं झाकण चार स्क्रू काढले की उघडतं, आणि लोकांनी त्यांच्यावर इतकी वर्षं लिनक्स चालवलेलं की कुठल्या मॉडेलचं काय दुखतं ते सगळं कुणीतरी लिहून ठेवलेलं. वहीच्या शेवटच्या पानावर माझी यादी तयार झाली. तिच्यात तीन मॉडेलं होती.

त्यातलं दुसरं या दुकानात निघालं.

दहा दिवसांपूर्वी आम्ही आलो तेव्हा दुकानदार बाबांशीच बोलत होता. "साहेब, पोरीले द्यायचा तर नवा द्या. हे ऑफिसातून निघालेलं सामान आहे." बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "तिले विचारा. तीच साहेब आहे आज."

मागच्या टेबलावर दुरुस्ती करणारे एक चाचा बसायचे. पांढरी दाढी, कपाळावर सरकवलेलं भिंग. मी पेन ड्राइव्ह बाहेर काढला तशी त्यांनी खुर्ची सरकवून जागा करून दिली. लॅपटॉप सुरू होताना एक बटण दाबून धरलं की तो आतली सिस्टीम सोडून पेन ड्राइव्हवरून उठतो. काही पुसलं जात नाही, काही बदलत नाही. घेण्याआधी सगळं चालतं का ते बघता येतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. बाबा घाबरले.

"बिघडला काय वं हा?"

"नाही साहेब," चाचा म्हणाले. "जाग रहा है."

मग मी एकेक बघत गेले. वायफाय लागला. आवाज आला. कॅमेऱ्यात बाबा दिसले, स्वतःला बघून त्यांनी केस नीट केले. झाकण मिटून दहा मिनिटं ठेवलं आणि उघडलं, तर जिथं सोडलं होतं तिथंच जागा झाला. चाचांनी स्वतःहून खालचं झाकण उघडून रॅमची एक जागा रिकामी असल्याचं दाखवलं. "बेटा, ऑफिसवाले कभी कभी पासवर्ड डाल के छोड़ देते," म्हणाले आणि तेही माझ्यादेखत तपासलं. उणं एवढंच निघालं की एका बटणावरचं अक्षर पार पुसलेलं होतं आणि झाकणावर बिजागरीजवळ नखाएवढा ओरखडा होता. दोन तास लागले. बाबा त्या दोन तासांत एकदाही "चल आता" म्हणाले नाहीत. एकदाच विचारलं, "हा पेंगुइन कशाले?" मी सांगितलं की ती लिनक्सची खूण आहे. येताना एसटीत त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "आमच्या पोरीनं कॉम्प्युटर असा तपासला, डॉक्टर काय तपासंल!" मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला हसू आवरत नव्हतं.

तो त्याच दिवशी घरी आला असता. पण पितृपक्ष चालू होता. त्या पंधरवड्यात आमच्याकडे नवीन वस्तू आणत नाहीत, आणि आणायचीच तर दसऱ्याला का नको, असं आईचं म्हणणं. बाबांनी थोडे पैसे दिले आणि दुकानदाराकडून कागद मागून घेतला. ऑफिसातल्या त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं: राखीव. खाली: दसरा. ती चिठ्ठी त्यांनी स्वतः चिकटपट्टीनं झाकणावर लावली, बरोब्बर ओरखड्यावर, म्हणजे तो झाकला जाईल. दुकानदारानं लॅपटॉप काउंटरखालच्या कपाटात ठेवला.

निघताना बाबांनी विचारलं होतं, "काही निघालं तर बदलून देसान ना?"

"सात दिवसांत देतो. पण एक आहे, साहेब. पूजा करून आणला तर नाही. मागच्या पाडव्याले एक जण आला, कीबोर्डात अक्षता अन् झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक. कुंकू आत गेलं की मशीन मीही नाही घेत अन् कंपनीही नाही घेत. पूजा झाली की तो तुमचा."

तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. चाचासुद्धा.

तिसऱ्या पायरीवर मी किती वेळ उभी होते माहीत नाही. खाली उतरून जावं असंही वाटलं. मग वाटलं, बाबा वेळेवर सांगतील. दुकानदार खोटं बोलेल तेव्हा बाबांना ते सहन होणार नाही, ते म्हणतील, अरे नाही, मी सांगतो तिला काय झालं ते. मी चपला जरा वाजवत वर गेले.

"काऊन वं, कोणाचा फोन होता?" बाबांनी विचारलं.

"कामाचा. सोमवारपासून."

"वा!" ते म्हणाले, आणि लगेच दुकानदाराकडे बघितलं.

दुकानदारानं चेहरा पाडला. चांगला पाडला. "ताई, माफ करा. तुमचा तो काळा लॅपटॉप काल गेला. मी नव्हतो, भाऊनं देऊन टाकला. पण तुमच्या नशिबानं त्याच भावात नवा कोरा आला आहे. खोकाबंद."

मी बाबांकडे बघितलं. बाबा तोरणातला एक झेंडू नीट करत होते.

"चिठ्ठी होती ना त्यावर?" मी विचारलं.

"गर्दीत पडली असंल," बाबा म्हणाले.

दुकानदार नाही, बाबा म्हणाले.

मागच्या टेबलावर चाचांनी भिंग डोळ्यावर ओढून घेतलं. त्यांच्यासमोर त्या वेळी काहीच उघडलेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे गेले, कारण मागच्या वेळी माझा पेन ड्राइव्ह त्यांच्या टेबलावर राहिला होता. त्यांनी तो कागदात गुंडाळून जपून ठेवलेला. देताना त्यांनी काउंटरखाली बघितलं आणि मान खाली घातली. कपाटाचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत काळं झाकण दिसत होतं आणि त्यावर वळणदार अक्षरातला 'रा'.

चिठ्ठी गर्दीत पडली नव्हती. कुणी काढायचेही कष्ट घेतले नव्हते.

तेव्हा बोलायला हवं होतं. हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण माझी जीभ चार लोकांसमोर उचलत नाही, आणि त्यातून मला अजून वाटत होतं की बाबा बोलतील. लोकांसमोर नाही बोलणार, जिन्यात बोलतील.

जिन्यात ते म्हणाले, "सांभाळून, पायऱ्या उंच आहेत."

एसटीत खोकं माझ्या मांडीवर होतं. त्यावर छापलेलं मी वाचत गेले. रॅम चार जीबी. साठवण मोबाइलएवढी. मी दीड महिना ज्याला टाळत होते तोच. बाबांचा फोन वाजला. पुण्याचा दादा होता, मोठ्या काकांचा मुलगा. तो तिकडे कंपनीत आहे, त्यामुळे घरात विजेवर चालणारं काहीही त्याला विचारल्याशिवाय येत नाही. फ्रिजसुद्धा त्यानं पुण्याहून निवडला होता. बाबांनी आवाज खाली घेतला. "हाव, झालं. घेतला. … नाही नाही, काही नाही म्हणाली. … तू म्हटलं ते बरोबर आहे, सणासुदीले लोकानं वापरून टाकलेलं घरात कशाले आणायचं."

म्हणजे असं होतं. दहा दिवसांत कधीतरी दादाला विचारलं गेलं होतं. कदाचित बाबांना खरंच वाईट वाटलं असेल, की चार लोक दसऱ्याला घरी येणार आणि मुलीसमोर ओरखड्याचा लॅपटॉप. मी हे समजू शकते. ते मला सांगितलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, पण समजून घेतलं असतं. मला आत कुरतडत होतं ते वेगळंच. त्या दोन तासांत जो माणूस माझ्या शेजारी बसून पेंगुइनबद्दल विचारत होता, त्यानं दादाला सांगितलं नव्हतं की पोरीनं तपासलाय. की तिला कळतं. त्यानं बघितलं होतं सगळं, आणि तरी.

अमडापूर यायच्या आधी मी एकदा प्रयत्न केला. "बाबा, तो दुसरा खरंच गेला असेल का?"

"गेला म्हणते ना तो. आता त्याचा विचार करू नको."

घरी पोचलो तेव्हा आई पाट मांडत होती. पाटावर बाबांचा पेन, कात्री, शिलाई मशीनची चाकी, आणि मध्ये मोकळी जागा. ती लॅपटॉपची. मोठे काका-काकू तीनला यायचे होते, मग पूजा. माझ्याकडे पाऊण तास होता. चार्जिंगला लावते असं सांगून मी मधल्या खोलीत खोकं उघडलं आणि पेन ड्राइव्ह लावला.

"अगं माय, पूजेच्या आधी नको चालू करू!" आई ओरडली.

"नुसतं बघते."

उठला तो. ओळी धावल्या, पेंगुइन दिसला, पडदा आला. वायफायचं चिन्हच नव्हतं. शोधलं, तर आतली वायफायची चिप लिनक्सला ओळखताच येत नव्हती. आवाज नाही. ब्राउझरची तीन पानं उघडली आणि बाण जागच्या जागी थिजला. बटण दाबून बंद केला. सोमवार तीन दिवसांवर होता. आणि याचं झाकण उघडून काही बदलावं तर तिथं स्क्रूच नव्हते.

बाबा दारात आले. मी म्हणाले, "यावर माझं काम होणार नाही. वायफायपण लागत नाही."

"लागंल. रात्री दादा फोनवर करून देईल."

"आणि नाहीच लागला तर? पूजेनंतर दुकानदार बदलून देणार नाही."

ते दाराची चौकट धरून उभे राहिले. त्या क्षणी त्यांना सांगता आलं असतं. मला खात्री आहे त्यांच्या ओठांवर आलं होतं, कारण त्यांनी एकदा "हे पाय, पोरी…" अशी सुरुवात केली. मग बाहेर काकांचा आवाज आला, "अरे, सोनं आणलं बरं का!" आणि बाबा वळून गेले.

काकांनी आपट्याची पानं वाटली. काकू लॅपटॉपला हात लावून म्हणाल्या, "कसा चकचकीत आहे, आरशासारखा!" चंदेरी होता तो, खरंच सुंदर दिसत होता पाटावर. काकांनी दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तांब्याला टेकवून ठेवला, म्हणजे त्यालाही पूजा दिसावी. दादा पुण्याच्या त्याच्या खोलीतून हात हलवत होता. "काय मग, आवडला का? जुनं-बिनं काय घेत होतीस तू! तुझा तो पेंगुइन यावर विसर आता."

सगळे हसले. मी आईकडे बघत होते. आईनं पेनाला हळद-कुंकू वाहिलं. कात्रीला वाहिलं. चाकीला.

काकांनी विचारलं, "काय वं पोरी, निवडला कोणी? दादानं?"

मी बाबांकडे बघितलं. जिन्यापासून बघतच होते.

बाबांनी हात जोडलेले होते. तसेच ठेवून ते म्हणाले, "नाही बा, दादा कशाले. तिनंच निवडला. आपण मधी बोललोच नाही."

त्यांनी ते इतक्या कौतुकानं म्हटलं की काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. कंडक्टरला सांगताना होता तोच आवाज, तोच अभिमान. फक्त आता तो त्या चंदेरी झाकणासाठी होता. मी चिठ्ठीवरचा 'रा' बघितला नसता, तर मीसुद्धा विश्वास ठेवला असता.

आईनं करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि स्वस्तिक काढायला झाकणावर वाकली. पहिली उभी रेघ ओढायला बोट टेकणार, एवढ्यात मी तिचं मनगट धरलं. कुंकू माझ्याच हातावर सांडलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो साधा आणि मोठा निघाला.

"आई, थांब. कुंकू लावू नको, हा परत करायचा आहे. मी हा निवडला नाही. मी निवडलेला खामगावला दुकानात काउंटरखालच्या कपाटात आहे, तो विकला गेलेला नाही, आणि त्याच्यावर बाबांच्या हातची चिठ्ठी अजून तशीच आहे. बाबा, मी जिन्यात होते. मी सगळं ऐकलं."